गटाचा हिशोब विचारता, तसंच शाळेलाही विचारा



दर महिन्याच्या बैठकीत आपण काय करतो? मागचं इतिवृत्त वाचून घेतो, बचत गोळा करतो, कुणाचा हप्ता थकलाय ते विचारतो आणि हिशोब पटला की मगच सही करतो. हे आता आपल्या अंगवळणी पडलंय. पण शाळेचा विषय निघाला की याच बायका म्हणतात, "आम्हाला काय कळतंय त्यातलं? गुरुजी बघतील की."

पोरगं पाचवीत जातं, तरी त्याला चार ओळी धड वाचता येत नाहीत, हे कित्येक घरांत उशिरा कळतं. म्हणून या अंकात बघूया, की आईला शाळेत काय अधिकार आहे आणि गट म्हणून आपण काय करू शकतो.

शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे काय?

शिक्षणहक्क कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला आठवीपर्यंत मोफत शिक्षण मिळालं पाहिजे, हे आपण ऐकलेलं असतं. त्याच कायद्यात, कलम 21 मध्ये, शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळेत ती असते. विनाअनुदानित खाजगी शाळेला ती लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो.

या समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असायला हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. म्हणजे समिती 12 जणांची असेल तर 9 पालक आणि निदान 6 बायका. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांमधूनच निवडतात. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. पालकांची निवड पालकसभेत होते.

आता खरं सांगा, तुमच्या शाळेच्या समितीत कोणत्या बायका आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे का? काही गावांत यादीत नाव असलेल्या बाईलाच ते माहीत नसतं. शाळेतून रजिस्टर घरी येतं, ती चुलीपुढून उठून सही करते आणि रजिस्टर परत जातं. गटाच्या रजिस्टरवर आपण अशी सही करू का?

समितीत बसल्यावर काय विचारायचं?

शाळेचं काम नीट चाललंय का ते पाहणं, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि आलेल्या अनुदानाचा खर्च बघणं ही समितीची कामं कायद्यातच दिली आहेत. त्यामुळे प्रश्न विचारला की गुरुजींवर अविश्वास दाखवला, असं मनात आणू नका. साधे प्रश्न असे:

1. यंदा शाळेला किती अनुदान आलं आणि कशावर खर्च झालं? समग्र शिक्षा योजनेच्या निकषात 30 पर्यंत मुलं असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये आणि 31 ते 100 मुलांच्या शाळेला 25,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान ठरवलेलं आहे. प्रत्यक्ष किती जमा झालं, ते पासबुकात बघा. पासबुक वाचायची सवय आपल्याला आहेच.

2. पोषण आहार कसा शिजतो? पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. 40 पोरं पाचवीपर्यंतची असतील तर 4 किलो तांदूळ झाला. एवढ्या तांदळाचा भात किती होतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

3. मुलींचं शौचालय वापरण्यासारखं आहे का? आत पाणी आहे का, कडी लागते का?

4. कोणती मुलं महिन्यात बरेच दिवस गैरहजर होती, आणि का?

5. कोणत्या मुलांना अजून वाचता येत नाही, आणि त्यांच्यासाठी काय ठरलंय?

पाचवा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तोच सहसा विचारला जात नाही. रंगरंगोटीवर तासभर चर्चा होते आणि वाचनाचा विषय राहून जातो.

मला वाचता येत नाही, मी घरी काय घेऊ?

पुष्कळ करता येतं, ताई. आपल्या राज्यात 2022 साली 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झालं. पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी शाळेत मेळावे झाले आणि वाडीवस्तीवर माता पालक गट केले गेले. शेजारपाजारच्या चार-सहा आया एकत्र यायच्या, त्यातली एक लीडर माता व्हायची. मूग-मटकी वेगळी करणं, भाकरी मोजणं, डब्यांची झाकणं लहान-मोठी लावणं, गोष्ट सांगून प्रश्न विचारणं, असे घरातल्याच वस्तूंचे खेळ त्या मुलांकडून करून घ्यायच्या. तुमच्या गावात असा गट असेल तर त्यात जा. बंद पडला असेल तर अंगणवाडी ताई आणि गुरुजींना विचारून पुन्हा सुरू करा.

मोठ्या मुलांसाठी एक सोपी युक्ती. रोज संध्याकाळी दहा मिनिटं पोराला जवळ बसवून मोठ्याने वाचायला सांगा. मग पानाच्या मधल्याच एखाद्या ओळीवर बोट ठेवा आणि म्हणा, "आता इथून वाच." धडा नुसता पाठ असेल तर ते तिथे अडखळेल. वाचून झाल्यावर "काय झालं गोष्टीत?" असं विचारा. आपल्याला अक्षर येत नसलं तरी पोराला समजलंय की नाही, हे आईला कळतंच. अडखळत असेल तर रागावू नका. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन गुरुजींना सांगा.

शाळा कुठे सुटते, तिथे गटाने उभं राहायचं

दोन ठिकाणी पोरांची शाळा हमखास सुटते. एक म्हणजे दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला निघतात तेव्हा. अशा मुलांना गावातच आजी-आजोबांजवळ ठेवून जेवणाखाण्याची सोय करता येते. त्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. पण गाड्या निघाल्यावर यादी करून उपयोग नाही. कोण जाणार आहे, हे गटाला आधी कळतं, कारण उचलीची गोष्ट बैठकीत निघतेच. तेव्हाच मुलांची नावं लिहून मुख्याध्यापकांना द्या.

दुसरं ठिकाण म्हणजे गावची शाळा सातवीला संपते आणि हायस्कूल दुसऱ्या गावाला असतं तेव्हा. मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो. पण गाडीच शाळेच्या वेळेला येत नसेल तर पास काय कामाचा? एकट्या आईने अर्ज केला तर तो कागद पडून राहील. ग्रामसंघाने ठराव करून आगारप्रमुखांना दिला आणि पोहोच घेतली, तर त्याची विचारणा करता येते.

पुढच्या बैठकीत एवढं करा

बचत गोळा झाली की पंधरा मिनिटं शाळेच्या विषयाला ठेवा. समितीतल्या महिला सदस्यांची नावं शाळेतून लिहून आणा. त्या आपल्या गटातल्या असतील तर समितीत काय झालं ते दर महिन्याला बैठकीत सांगायचं. नव्याने निवड असेल तेव्हा पालकसभेला चार-पाच जणींनी मिळून जायचं, एकटीने नाही. आणि ठराव असा लिहा:

"आमच्या गटातील कोणतीही सदस्य शाळेच्या रजिस्टरवर वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा करणार नाही. गटातील प्रत्येक मुलामुलीला वाचता येते का, याची विचारणा दर महिन्याला बैठकीत होईल."

ठराव इतिवृत्तात नोंदवा, सगळ्यांनी सह्या करा आणि एक प्रत मुख्याध्यापकांना नेऊन द्या.