समजून घ्या : एसीचा कॉम्प्रेसर सारखा बंद का पडतो? दर वेळी ‘गॅस’च संपलेला नसतो

मे महिन्यातली दुपार. नागपूर, अकोला, चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे. एसी सुरू आहे, आतला पंखाही फिरतोय, पण हवा कोमट येते. बाहेरच्या युनिटमधून ‘टक्’ असा आवाज होतो आणि घरघर थांबते. काही मिनिटांनी पुन्हा सुरू, पुन्हा बंद. घरात तान्हे बाळ किंवा अंथरुणाला खिळलेली आजी असेल, तर ही नुसती गैरसोय राहत नाही. मेकॅनिकला फोन केला की हंगामात एक निदान हमखास ऐकू येते : ‘गॅस संपलाय, भरावा लागेल.’ कधी कधी ते खरेही असते. मात्र कॉम्प्रेसर बंद पडण्याची कारणे बरीच आहेत आणि त्यातली निम्मी तरी घरच्या घरी ओळखता येतात.

बंद पडणे म्हणजे बिघाडच का?

नाही. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे बिगर-इन्व्हर्टर एसीमध्ये खोली ठरवलेल्या तापमानाला पोहोचली की कॉम्प्रेसर थांबतो आणि खोली पुन्हा तापू लागली की सुरू होतो. ते त्याचे कामच आहे. इन्व्हर्टर एसीमध्ये कॉम्प्रेसर सहसा पूर्ण थांबत नाही, आपला वेग कमी करतो. एकदा थांबलेला कॉम्प्रेसर साधारण तीन मिनिटे सुरू होत नाही, हेही ठरवूनच केलेले असते. आतल्या वायूचा दाब दोन्ही बाजूंना समान होण्याआधी मोटार सुरू केली तर तिच्यावर मोठा ताण येतो. त्यामुळे वीज येताच रिमोटची बटणे दाबत बसण्यात अर्थ नाही.

खोली गार झालेली नसताना कॉम्प्रेसर थांबत असेल, तर ती काळजीची गोष्ट. कॉम्प्रेसर तेव्हा ‘खराब’ झालेलाच असतो असे मात्र नाही. त्याच्या अंगाशी ‘ओव्हरलोड प्रोटेक्टर’ नावाचा एक छोटा रखवालदार बसवलेला असतो. तापमान किंवा विजेचा प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो वीज तोडतो. म्हणजे कॉम्प्रेसर स्वतःला वाचवत असतो. प्रश्न असतो, तो कशापासून वाचवतोय हा.

घड्याळ काय सांगते?

मेकॅनिक येईपर्यंत करण्यासारखे सर्वांत उपयोगी काम म्हणजे घड्याळ लावून बसणे. कॉम्प्रेसर किती वेळ चालतो, किती वेळ थांबतो आणि दिवसाच्या कोणत्या वेळी हे होते, याची नोंद निम्मे निदान करून देते.

बिगर-इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर नुसता ‘हूं’ करतो आणि काही सेकंदांत ‘टक्’ होऊन थांबतो, तेव्हा संशय कपॅसिटरवर जातो. मोटारीला चालना देणारा हा डबीसारखा भाग उष्णतेने कमजोर होतो. तो काहीशे रुपयांत मिळतो. दुखणे मात्र अगदी ‘कॉम्प्रेसर गेला’ असेच दिसते आणि नव्या कॉम्प्रेसरचा खर्च हजारांच्या घरात जातो. म्हणून कॉम्प्रेसर बदलण्याचा सल्ला मिळाला, तर ‘कपॅसिटर मीटरवर मोजला का?’ हा प्रश्न आधी विचारावा. वीज बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठून राहतो, त्यामुळे स्वतः झाकण उघडून त्याला हात लावू नये.

सकाळी आणि रात्री एसी नीट चालतो, पण दुपारी १२ ते ४ या वेळेत दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबतो? मग बाहेरच्या युनिटकडे पाहावे. खोलीतली उष्णता बाहेर टाकण्याचे काम तिथल्या कॉइलचे असते. कॉइलवर धूळ, कापसासारखा कचरा किंवा कबुतरांची पिसे बसली की उष्णता बाहेर जात नाही, आतला दाब वाढतो आणि रखवालदार वीज तोडतो. अनेक घरांत युनिट बंदिस्त गॅलरीत किंवा इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये बसवलेले असते. तिथे ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढून घेते. उन्हापासून वाचवायचे म्हणून काहीजण युनिटवर गोणपाट किंवा ताडपत्री गुंडाळतात, त्यानेही नेमका हाच परिणाम होतो. सावली हवी, पण युनिटपासून अंतर ठेवून.

एक गोष्ट विक्रीच्या दुकानात क्वचितच सांगितली जाते. दीड टनाचा एसी दीड टनाचे काम करतो ते बाहेर ३५ अंश तापमान धरून. ४५ अंशांना त्याची ताकद घटते आणि वीज जास्त लागते. विदर्भातल्या पश्चिमेकडच्या खोलीत, वर थेट गच्ची असताना, मुंबईत पुरणारा एसी दमतो तो म्हणूनच. अशा वेळी रिमोटवर १८ अंश लावून हवा जास्त गार होत नाही, फक्त कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही. कोकण किनारपट्टीवर त्रास वेगळा. तिथे खाऱ्या हवेने कॉइलच्या पातळ पात्या गंजतात आणि उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता हळूहळू संपते.

आत बर्फ दिसला तर?

आतल्या युनिटमधून पाणी गळते, हवेचा झोत कमी होतो, झाकण उघडले तर कॉइलवर बर्फ दिसतो. उन्हाळ्यात बर्फ पाहून काहींना एसी उत्तम चालल्यासारखे वाटते, पण ते दुखण्याचे लक्षण आहे. जाळीवर धूळ साचल्याने कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही आणि कॉइल गोठते. मग बर्फ ओळखणारा सेन्सर कॉम्प्रेसर थांबवतो. अशा वेळी एसी ‘फॅन’वर ठेवून बर्फ वितळू द्यावा, जाळी काढून नळाखाली धुवावी, सावलीत वाळवावी आणि पुन्हा चालवून पाहावे. टोकदार वस्तूने बर्फ खरवडला, तर कॉइलला भोक पडून खरोखरच गॅस जातो. जाळी स्वच्छ असूनही बर्फ पुन्हा धरला, तर आतला ब्लोअर मळलेला आहे किंवा गॅस कमी आहे, या शंकेला जागा उरते.

व्होल्टेजचा काय संबंध?

घरात येणारी वीज २३० व्होल्टची अपेक्षित असते, त्यात सहा टक्के कमी-जास्त चालते. म्हणजे साधारण २१६ ते २४४. व्होल्टेज यापेक्षा बरेच खाली गेले की मोटार तेवढ्याच कामासाठी जास्त प्रवाह ओढते आणि तापते. संध्याकाळी गल्लीतले सगळे एसी-कूलर एकदम सुरू झाल्यावरच आपला एसी रुसत असेल, तर स्टॅबिलायझरवरचा आकडा पाहावा. स्टॅबिलायझरच वीज तोडत असेल तर एसीचे आतले युनिटही बंद होते, ही सोपी खूण. व्होल्टेज नेहमीच कमी असेल, तर मेकॅनिकऐवजी १९१२ वर वीज कंपनीकडे तक्रार नोंदवावी.

प्लग काळवंडला असेल, सॉकेट हाताला गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल, तर एसी लगेच बंद करून आधी इलेक्ट्रिशियन बोलवावा. एमसीबी वारंवार पडतोय म्हणून मोठ्या अँपिअरचा एमसीबी बसवण्याचा सल्ला काहीजण देतात. तो मुळीच ऐकू नये. एमसीबी भिंतीतल्या वायरचे रक्षण करतो. तो मोठा केला की वायर जळेपर्यंत कुणाला कळत नाही.

आणि गॅस?

एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. परत येणारा थंड गॅसच कॉम्प्रेसरलाही गार ठेवतो, त्यामुळे तो कमी पडला की कॉम्प्रेसर तापून बंद पडतो, हे खरे. पण गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. नायट्रोजन भरून गळती तपासणे, ती बुजवणे, पंपाने नळ्यांतली हवा पूर्ण काढणे आणि युनिटच्या पट्टीवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरणे, हा योग्य क्रम. नवीन एसींमध्ये बहुतेक आर-३२ आणि काहींत आर-२९० हा प्रोपेन असतो. दोन्ही पेट घेऊ शकतात, प्रोपेन तर अधिकच सहज. म्हणून पट्टीवर लिहिलेल्यापेक्षा वेगळा गॅस भरू देऊ नये.

इन्व्हर्टर एसी बंद पडताना बहुधा स्क्रीनवर कोड दाखवतो किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. वीज बंद केली की कोड पुसला जाऊ शकतो, म्हणून आधी मोबाइलवर व्हिडिओ काढावा. बिल आणि वॉरंटी कार्डही हाताशी ठेवावे. कॉम्प्रेसरची वॉरंटी अनेकदा दहा वर्षांची असते, पण पीसीबी आणि गॅस यांची मुदत वेगळी असते, आणि बाहेरच्या मेकॅनिकने नळ्या उघडल्यावर कंपनी हात वर करू शकते.