कटती

मी गेलो होतो केळीची कापणी बघायला. रावेर तालुक्यातल्या त्या शेतात घड मोजून झाले, ट्रक निघाला आणि मालकांनी, म्हणजे आप्पांनी, चहाला घरी नेलं. बोलता बोलता त्यांनी हिशेबाची वही पुढ्यात टाकली. डाव्या पानावर केळी: क्विंटल, भाव, कटती, हाती आले. उजव्या पानावरही तेच चार रकाने, फक्त क्विंटलच्या जागी 'प्रती' आणि वर मथळा 'गेम'. पानाच्या कोपऱ्यावर चिकाचा काळा डाग होता. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावर पडला की जात नाही. कापणीवाल्यांचे सदरे त्यावरूनच ओळखू येतात.

"ते पान पोराचं," आप्पा म्हणाले. "त्यानं कॉम्प्युटरवरचा खेळ बनवलाय. जगभर विकतो. पण शंभरातले तीस दुकानदारच ठेवून घेतो. माझ्या केळीला कोणी एवढी कटती लावली तर मी गाडी बांधावरून हलू देणार नाही."

शंभरातले तीस. तो आकडा डोक्यात घेऊनच मी जळगाव गाठलं.

आप्पांचा मुलगा तिथं भाड्याच्या एका खोलीत राहतो. उन्हाळ्यात जळगावचा पारा ४४-४५ वर गेला की दिवसा संगणक तापतो, म्हणून कामाची वेळ रात्रीची. प्रोग्रॅमिंग तो करतो. चित्रं धुळ्याच्या देवपुरात राहणारा मित्र काढतो. दोघांनी तीन वर्षं खपून खेळ पुरा केला, स्टीम या ऑनलाइन दुकानात नोंदवायला १०० डॉलर भरले आणि विक्री सुरू झाली. हे शुल्क खेळानं १००० डॉलरची विक्री गाठली की परत मिळतं.

मी म्हणालो, "एका प्रतीचा पैसा कसा येतो, ते दाखव."

त्यानं वहीतलंच उदाहरण घेतलं. खेळाची किंमत ५९० रुपये. भारतातल्या ग्राहकाकडून आलेल्या या रकमेत १८ टक्के जीएसटी धरलेलाच असतो. ते ९० रुपये सरकारचे. उरले ५००. त्यातले तीस टक्के, म्हणजे १५० रुपये, दुकानाचे. उरले ३५०. त्याचे दोन वाटे: १७५ जळगावला, १७५ धुळ्याला. ग्राहक अमेरिकेतला असेल तर तिथला करही आधीच कापला जातो. भारत-अमेरिका करारामुळे तो १५ टक्क्यांवर राहतो, पण त्यासाठी फॉर्म भरलेला असावा लागतो. नसेल तर तिथंही शंभरातले तीस.

आणि विकली म्हणून प्रत विकलीच असं नाही. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालेलं असेल, तर ग्राहक पैसे परत मागू शकतो. ती रक्कम महिन्याच्या हिशेबातून वजा होते.

एका महिन्याच्या विक्रीचे पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरीस निघतात. रक्कम १०० डॉलरच्या आत असेल तर तीही निघत नाही, पुढच्या महिन्यात साचते. मग डॉलर बँकेत येतात, वाटेतली बँक आपलं शुल्क घेते आणि इथली शाखा विचारते, हे पैसे कशाचे? पहिल्या वेळी पैसे आठवडाभर अडकले. काउंटरवरच्या बाईंना 'गेम' म्हटल्यावर जुगार वाटला. त्याला लॅपटॉप नेऊन खेळ चालवून दाखवावा लागला. त्या आठवड्यात धुळ्याहून रोज सकाळी एकच निरोप यायचा: "पैसे आले का भो?"

तीस टक्के हा काही देवानं घालून दिलेला नियम नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये स्टीमनं ठरवलं, एखाद्या खेळाची कमाई एक कोटी डॉलरच्या पुढे गेली की पुढच्या विक्रीवर २५ टक्के आणि पाच कोटींच्या पुढे २० टक्के. लगेच डिसेंबरात एपिक या कंपनीचं खेळांचं दुकान उघडलं, १२ टक्क्यांवर. गूगल प्लेनं जुलै २०२१ पासून वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर १५ टक्के केले. म्हणजे काही दुकानांत लहान माणसाला सूट मिळते आणि स्टीमवर ती मोठ्याला. आप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. "ज्याचा माल ट्रकभर, त्याची कटती कमीच असते," ते म्हणाले.

प्रकाशक घेतला असता तर? तो आधी पैसे देतो, जाहिरात करतो, पण दिलेली रक्कम वसूल होईपर्यंत बनवणाऱ्याच्या हाती सहसा काही पडत नाही. खानदेशात याला वेगळा शब्द शोधायला नको; उचल म्हणजे काय ते इथल्या प्रत्येक मजुराला ठाऊक आहे. पैसा आधी उभा करणंही सोपं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी' या खेळासाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली होती, ती पुरी झाली नाही. तरी ते थांबले नाहीत आणि २०२० मध्ये खेळ बाजारात आला.

मला शंभरातल्या तिसापेक्षा जास्त टोचतात ती खोलीतली तीन वर्षं. त्यांना वहीत रकानाच नाही. डाव्या पानावरही घरच्या माणसांची मजुरी कधी लिहिलेली नसते. दोन्ही पानं विक्रीपासून सुरू होतात. राबण्याचा हिशेब बाप-लेक दोघंही धरत नाहीत.

पुढच्या रविवारी आप्पा जळगावला आले होते. मीही होतो. वही पिशवीत होतीच. बराच वेळ पडद्याकडे बघून त्यांनी विचारलं, "भाव कुठं येतो यात?"

मुलानं पडद्यावर एक पान उघडलं. एक चौकट, त्यात ५९०.

"हा कुठून आला?"

"मी लिहिला."

"तू?"

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी आप्पांच्या घडाचा भाव आजही बुऱ्हाणपूर-रावेरच्या बाजारात ठरतो आणि संध्याकाळी मोबाइलवर येऊन पडतो. चाळीस वर्षांत त्यांनी स्वतः आपला भाव कधी लिहिला नव्हता. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. नखाच्या कडेला चिकाची काळी रेघ होती. ते बोट त्या चौकटीवरून लवकर हललं नाही.

"भाव आपल्या हातात आहे," ते म्हणाले, "तर पाडू नको."

"गुरुवारपासून सेल आहे, पप्पा. निम्म्यावर आणावा लागेल. सेलमध्येच लोक घेतात."

"माझा घड पिकायला लागला की मिळेल त्या भावात द्यावा लागतो. तुझा माल तर सडत नाही."

"सडत नाही. पण लोक विसरतात."

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी पिशवीतून वही काढली, उजवं पान उघडलं आणि भावाच्या रकान्यात, ५९० च्या खाली, सावकाश २९५ लिहिलं.