यंदाच्या पार्टीला काळा नको, निळा!

काळा ड्रेस घातला की काम फत्ते, असं आपण सगळ्याच म्हणतो. पण या थंडीत एक रंग त्याच्यापेक्षा सरस ठरू शकतो!

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की ऑफिसच्या मेलबॉक्समध्ये 'इयर एंड पार्टी'चं इन्व्हिटेशन येऊन पडतं. मग लंच टाइमला एकच विषय: काय घालायचं? आठवडाभर चर्चा होते, लक्ष्मी रोड पालथा घातला जातो आणि पार्टीच्या दिवशी बघावं तर एचआरपासून अकाउंट्सपर्यंत सगळ्या जणी काळ्या ड्रेसमध्ये! ग्रुप फोटोत कुणाची बाही कुठे संपली आणि कुणाचा घेर कुठे सुरू झाला, काही कळत नाही.

मीही त्यातलीच. गेल्या डिसेंबरमध्ये एफसी रोडवरून मस्त काळा ड्रेस घेतला आणि हौसेनं फोटो आईला पाठवला. आई धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीला असते. पाच मिनिटांत तिचा फोन. "काळं कशाला घेतलीस? नवीन वर्ष काळ्यानं सुरू करतेत होय?"

"अगं, संक्रांतीला तूच तर काळी साडी नेसतेस!"

"संक्रांतीचं वेगळं असतंय," म्हणून तिनं विषय संपवला. मी वैतागले. पण मग वाटलं, खरंच, वेगळं काय असतं?

काळ्याचा थाट

पार्टीतल्या काळ्या ड्रेसचं श्रेय कोको शनेलला दिलं जातं. 1926 मध्ये अमेरिकन 'व्होग'नं तिच्या साध्या काळ्या ड्रेसचं चित्र छापलं आणि त्याची तुलना चक्क फोर्डच्या मोटारीशी केली. म्हणजे कुणालाही परवडेल, कुणालाही शोभेल असा ड्रेस. त्याआधी तिकडेही काळा म्हणजे मुख्यतः दुखवट्याचा रंग.

आपल्याकडे शुभकार्याला काळा वर्ज्य, पण संक्रांतीला हक्काचा. काळी चंद्रकळा, नव्या नवरीच्या अंगावर हलव्याचे दागिने, बाळाच्या बोरन्हाणाला काळं झबलं. कारणही साधं सांगतात: काळा रंग ऊन शोषतो, ऊब देतो. पटतं! पण मैत्रिणींनो, रात्री दहा वाजता रूफटॉपवर कुठलं आलंय ऊन?

आजीची ट्रंक

त्याच वीकेंडला गावी जाणं झालं. माझा ड्रेस आजीच्या कानावर गेलेलाच होता. तिनं काही न बोलता पत्र्याची ट्रंक उघडायला लावली. तळाशी तिची चंद्रकळा. लग्नानंतर दोन-तीन संक्रांतींना नेसलेली. पुढे आजोबा गेले. त्यानंतर आजीनं काय नेसायचं, हे घरातली मोठी माणसं ठरवायची. चंद्रकळा ट्रंकेत गेली ती गेलीच.

घडी मोडून मी ती अंगणात उन्हाला धरली आणि बघतच राहिले. घरात काळीकुळकुळीत दिसणारी साडी उन्हात चक्क गर्द निळी दिसत होती!

नंतर कळलं की यात नवल काहीच नाही. निळीच्या हौदातून कापड बाहेर काढलं की आधी पिवळट-हिरवं दिसतं, हवा लागली की निळं होतं. असं पुन्हा पुन्हा बुडवत गेलं की निळा इतका गडद होतो की काळाच भासतो. आजीच्या साडीत नक्की कोणता रंग होता, देव जाणे. पण काळ्या-निळ्यातलं अंतर आपण समजतो तेवढं नाही, एवढं मात्र त्या दिवशी पटलं.

आणि निळा तर आपल्या घरचाच रंग. 'इंडिगो' या शब्दाचा मूळ अर्थच भारतातून आलेला. इंग्रजीतला 'डंगरी' शब्दही मुंबईच्या डोंगरी भागातल्या जाड्याभरड्या सुती कापडावरून गेलाय.

मी आजीला विचारलं, "मग काळा घालू की नको?" ती म्हणाली, "आमच्या टायमाला कोणता रंग पायजे ते आमाला कोण इचारलं? तुला आवडलं तर घे. भिऊन घेऊ नगं, अन् भिऊन सोडू बी नगं."

निळाच का?

पुण्याला परतल्यावर मी मिडनाइट ब्ल्यू ड्रेस घेतला. आईला घाबरून नाही, आरशात बघून! गेल्या शतकात ब्रिटनच्या प्रिन्स ऑफ वेल्सनं, म्हणजे पुढच्या आठव्या एडवर्डनं, पार्टीच्या सूटसाठी हाच रंग गाजवला. दिव्यांच्या उजेडात काळं कापड कधी कधी हिरवट, विटकं दिसतं. गर्द निळा मात्र काळ्याहून काळा दिसतो. शिवाय फोटोत काळ्याच्या चुण्या, घेर, भरतकाम सगळं एकजीव होऊन जातं. निळ्यात ते उठून दिसतं.

तुमचा निळा कोणता?

मिडनाइट ब्ल्यू: काळ्याचं बोट सोडवत नसेल तर इथून सुरुवात करा. वेल्व्हेट किंवा सॅटिनमध्ये रिच दिसतो.

नेव्ही ब्ल्यू: ऑफिसमधून थेट पार्टीला जाणार असाल तर बेस्ट. 1748 पासून ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्यांचा हा रंग, म्हणून नाव नेव्ही. मुलांनो, नेव्ही ब्लेझर तुमच्यासाठीही!

रॉयल ब्ल्यू: नवरात्रीच्या नऊ रंगांच्या कृपेनं हा बहुतेकींच्या कपाटात आधीच असतो. 2010 मध्ये केट मिडलटननं साखरपुडा जाहीर करताना याच छटेचा रॅप ड्रेस घातला आणि दुकानांतून तो बघता बघता संपला.

मोरपंखी: साडी किंवा अनारकली घालायचा मूड असेल तर सिल्कमध्ये घ्या. जरीचा काठ असेल तर दागिन्यांचीही गरज नाही.

हे लक्षात ठेवा

• दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये नेव्ही आणि काळा सारखेच दिसतात. कापड दाराशी, उजेडात नेऊन बघाच.

• गर्द निळ्यावर चांदी, ऑक्सिडाइज्ड झुमके किंवा मोत्यांच्या कुड्या खुलतात. सोनं घालायचं तर एकच ठसठशीत दागिना.

• गडद निळा पहिल्या धुण्यात रंग सोडू शकतो. वेगळा धुवा, आणि पांढरी स्टोल त्यावर लगेच घेऊ नका.

आणि माझा तो काळा ड्रेस? तो वाया गेला नाही. संक्रांतीला तोच घालून बेंबळीला गेले. आईनं वरपासून खालपर्यंत पाहिलं, तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, "बरा दिसतोय की!" आजी मात्र गालातल्या गालात हसत होती. तिच्या मांडीवर ट्रंकेतून बाहेर आलेली चंद्रकळा होती.

मग यंदा थर्टी फर्स्टला निळा ट्राय करणार ना? काळ्याची काळजी नको. पुढच्या दोन आठवड्यांत संक्रांत येतेच आहे!