बंद पडलेली रेल्वे पुन्हा सुरू करताना सगळ्यात महाग काय पडतं?

बंद मार्ग सुरू करायचा म्हटलं की आपल्याला आधी रूळ आणि गाड्या आठवतात. पण खरा प्रश्न असतो जागेचा. ब्रिटनमधली दोन उदाहरणं बघूया.

ओकहॅम्प्टन, इंग्लंड

इथली नियमित प्रवासी सेवा १९७२ मध्ये बंद झाली. पण जवळच्या मेल्डन खाणीतली खडी न्यायची असल्याने रूळ जागेवरच राहिले. त्यामुळे मुख्य काम होतं ते जुने रूळ, स्लीपर बदलण्याचं आणि दुरुस्तीचं. सुमारे ४ कोटी पाउंडांच्या बजेटपेक्षाही कमी खर्चात, नोव्हेंबर २०२१ मध्ये रोजची गाडी सुरू झाली.

बॉर्डर्स रेल्वे, स्कॉटलंड

हा मार्ग १९६९ मध्ये बंद झाला, रूळ उखडले, काही ठिकाणी घरं आणि रस्ते आले. एडिनबराजवळून ट्वीडबँकपर्यंतच्या ४८ किलोमीटरसाठी २००६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. गाडी धावली २०१५ मध्ये, खर्च सुमारे २९ कोटी पाउंड. बराचसा मार्ग एकेरीच आहे, त्यामुळे एक गाडी लेट झाली की समोरचीही अडकते. तरी पहिल्याच वर्षी दहा लाखांहून जास्त फेऱ्या प्रवाशांनी केल्या.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

विदर्भातली शकुंतला नॅरोगेज होती. ब्रॉडगेज करायचं तर रूळ नवेच लागतील. मग जुन्या मार्गाचा उपयोग काय? यवतमाळ ते अचलपूर सलग जमिनीची पट्टी! रूळ पुन्हा टाकता येतात, पण तुकड्या-तुकड्यांत गेलेली जागा परत मिळवणं फार अवघड. म्हणून गाडी बंद केली, तरी जागा राखून ठेवायलाच हवी.