आधींचा दोष आणि कायद्याचे शब्द

शुभवर्तमानांतील वाळूवरचें घर पावसांत पडलें. परंतु त्याचा दोष पाऊस येण्यापूर्वींचाच होता. अशा आधींच्या दोषाचा भार कोणीं सोसावा, हा प्रश्न कायद्यापुढें नित्य येतो. आमच्या विलेपार्ल्यांत जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत, आणि आरोग्य-विमाही अनेक कुटुंबें उतरवीत आहेत. म्हणून या विषयाचे कायद्याचे शब्द पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं जाणून घ्यावे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम विम्याचें पाहूं. शरीरांत रोग केव्हां शिरला, हें सांगणें डॉक्टरांसही कठीण. यास्तव विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनीं रोगाच्या आरंभावर नव्हे, तर डॉक्टरांच्या निदानावर व उपचारावर भिस्त ठेविली आहे. पॉलिसी सुरू होण्यापूर्वींच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनीं ज्या विकाराचें निदान केलें, किंवा ज्यावर सल्ला वा उपचार सुचविला अथवा दिला, तो ‘पूर्वीपासूनचा आजार’ होय. पॉलिसी सलग चालू ठेविल्यास त्याच्या खर्चासाठीं अधिकांत अधिक ३६ महिने थांबावें लागतें. सलग ६० महिने लोटल्यावर, माहिती दिली नव्हती या सबबीवर कंपनीस दावा नाकारतां येत नाहीं. मात्र फसवणूक सिद्ध झाल्यास हें संरक्षण उरत नाहीं.

आतां घराचें. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें कलम ५५ सांगतें कीं, विकणाऱ्यास ठाऊक असलेला, परंतु घेणाऱ्यास साधारण काळजी घेऊनही न सांपडणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानें उघड केला पाहिजे. गंजलेली सळई गिलाव्याखालीं झांकून गप्प बसणें या कलमास मान्य नाहीं. उलट, विमानतळालगतच्या पार्ल्यांत इमारतींच्या उंचीवर निर्बंध आहेत, ही गोष्ट चौकशी करणाऱ्यास सहज कळते. तेवढी चौकशी घेणाऱ्यानेंच करावी. नव्या घरांविषयीं २०१६ चा ‘रेरा’ कायदा आणखी पुढें जातो: ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आंत बांधकामाचा दोष दाखवून दिल्यास बिल्डरनें तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो.

सारांश, दोष केव्हां जन्मला एवढेंच कायदा पाहत नाहीं. तो कोणास ठाऊक होता व कोणीं सांगितला, हेंही पाहतो. विम्याच्या अर्जांतील प्रश्नापुढें ‘नाहीं’ लिहा, असें एजंट सुचवील. पण मधुमेहाची गोळी चालू असतां लिहिलेला तो एक शब्द पुढें इस्पितळाच्या बिलाच्या वेळीं आडवा येतो. ज्यांच्या आईवडिलांस इंग्रजी अर्ज वाचतां येत नाहीं, अशा मुलामुलींनीं प्रत्येक प्रश्न त्यांस समजावून सांगावा, खरें उत्तर लिहावें आणि अर्जाची एक प्रत घरीं जपून ठेवावी.