मोरचुदातील तांबे : फवारणीनंतर ते जाते कुठे?

तांबे हा मानवाने फार प्राचीन काळापासून हाताळलेला धातू आहे. तो उष्णता व वीज उत्तम वाहून नेतो, त्याची सहज तार ओढता येते आणि तो लोखंडासारखा गंजत नाही. भारतात राजस्थानातील खेत्री, झारखंडमधील सिंहभूम व मध्य प्रदेशातील मलाजखंड येथे त्याची खनिजे आढळतात. त्यांतील प्रमुख खनिजात तांब्यासोबत लोह आणि गंधकही असते. शेतकऱ्याला मात्र तांबे अधिक परिचित आहे ते मोरचुदाच्या निळ्या खड्यांच्या रूपात.

फ्रान्समधील बोर्दो परिसरात चोरट्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडत असत. त्या वेलींवर केवडा रोग कमी असल्याचे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले आणि १८८५ मध्ये त्याने हे मिश्रण प्रसिद्ध केले. कर्नाटक, केरळ, गोवा व कोकणातील सुपारी बागांत कोळेरोगावर आजही तेच वापरले जाते.

मोरचुदाचे द्रावण आम्लधर्मी असते. ते तसेच फवारल्यास पाने करपतात. चुन्यामुळे ही आम्लता नाहीशी होते व तांबे अल्पविद्राव्य स्वरूपात पानाला चिकटून राहते. पाऊस व दवाच्या ओलाव्यात ते थोडे थोडे मोकळे होते आणि रुजू पाहणाऱ्या बीजाणूंना मारते. म्हणजेच हा उपाय प्रतिबंधक आहे. रोग पानाच्या आत शिरल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना प्रत्येकी ५० लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवावेत. चुन्याचे पाणी गाळून घ्यावे व त्यात मोरचुदाचे द्रावण ढवळत ओतावे. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची असावीत. घासून स्वच्छ केलेले लोखंडी पाते मिश्रणात थोडा वेळ धरावे. त्यावर तांबूस थर चढल्यास आणखी चुना मिसळावा. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने द्रावणातील मोकळे तांबे पात्यावर जमा होते, हे या परीक्षेमागील कारण होय. तयार मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

मोरचुदात सुमारे २५ टक्के तांबे असते. हेक्टरी १,००० लिटर मिश्रण फवारल्यास २.५ किलो तांबे बागेत पडते. अनेक सेंद्रिय कीटकनाशकांचे कालांतराने विघटन होते. तांबे हे मूलद्रव्य असल्याने त्याचे विघटन होत नाही. ते मातीच्या वरच्या थरातील सेंद्रिय पदार्थांशी घट्ट बांधले जाते व वर्षानुवर्षे साचते. पिकाला ते अत्यल्प प्रमाणात आवश्यक असले, तरी अतिरेक झाल्यास गांडुळे व उपयुक्त सूक्ष्मजीवांना बाधक ठरतो. म्हणूनच युरोपीय महासंघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो, अशी मर्यादा घातली आहे. वरील हिशेबाने दोन फवारण्यांतच ५ किलो तांबे जमिनीत जाते.

किडींच्या जैविक नियंत्रणासाठी वापरली जाणारी बिव्हेरिया व मेटारायझियम ही देखील बुरशीच आहे. ताम्रयुक्त औषधासोबत ती फवारल्यास खर्च वाया जातो. दोहोंत पुरेसे अंतर ठेवावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी बागायतदारांच्या नोंदवहीत फवारण्यांच्या संख्येबरोबर हेक्टरी किती तांबे पडले, हा रकानाही सुरू करावा. रोगट फळे वेचून नष्ट करणे, पाण्याचा निचरा सुधारणे आणि फवारणीची वेळ अचूक साधणे यांमुळे तो आकडा कमी ठेवता येतो. मातीत एकदा साचलेले तांबे काढून टाकण्याचा मात्र सोपा मार्ग नाही.