व्याख्यानानंतरची पृच्छना

अभियंत्यांची ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ ही संस्था १९२० साली स्थापन झाली. तिच्या पुण्यासारख्या स्थानिक केंद्रांत तांत्रिक व्याख्याने होतात. १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, विश्वेश्वरय्यांचे स्मरण होतेच. खडकवासल्याला १९०३ मध्ये बसविलेली त्यांची स्वयंचलित दारे पाणी ठरावीक पातळीवर चढताच आपोआप उघडत, उतरताच मिटत. ती कशाच्या भाराने हलत, हे श्रोत्यांतील एखाद्या मुलीने विचारावयास हवे. परंतु अशा सभांतून हारतुरेच फार वेळ घेतात (सत्कारमूर्तींत आपले कारखानदार बंधूही असतात!) आणि प्रश्नोत्तरांस जेमतेम पाच मिनिटे उरतात. तत्त्वार्थसूत्राने स्वाध्यायाच्या पाच प्रकारांत वाचनेपाठोपाठ पृच्छना सांगितली आहे. मुलांना पुढच्या रांगेत बसवावे. शंका उरलीच, तर चहाच्या वेळी वक्त्यास गाठावे. तेथे तो अधिक मोकळेपणाने बोलतो.